नखं खाण्याची सवय: टेन्शनचं कारण मला तरी पटत नाही

रातराणी

नमस्कार मंडळी. विषय फुटकळ वाटेल, पण इथे बऱ्याच जणांच्या बोटांची अवस्था माझ्यासारखी असणार याची खात्री आहे. मी चाळिशीला टेकले आहे आणि शाळेपासून नखं खाते. नुसती नखं नाही, कडेची सालटीसुद्धा. लग्नात मेंदीवाली माझा हात हातात घेऊन क्षणभर थांबली होती, तेवढ्यावरून समजून घ्या.

आजवर ज्याने पाहिलं त्याने एकच निदान केलं, "टेन्शन फार घेतेस." ऐकून कान किटले. गेले काही महिने मुद्दाम लक्ष ठेवलं, तर हिशेब जुळत नाही. मार्चअखेरीला ऑफिसात श्वास घ्यायला फुरसत नसते, तेव्हा माझी नखं चक्क वाढतात. खाल्ली जातात ती कधी? बस सिग्नलला अडकते तेव्हा, वाचताना, मीटिंग लांबते आणि मला काहीच बोलायचं नसतं तेव्हा. आणि ताळेबंद जुळत आलाय पण एका रुपयाचा फरक सापडत नाहीये, तेव्हा तर हमखास. यातल्या पहिल्या तीन ठिकाणी टेन्शन कुठे आहे?

करून झालेले उपाय: कडू नेलपॉलिश (चव अंगवळणी पडते), जेल नखं (उतरवली की खालची नखं कागदासारखी, मग काय, आणखी सोय), बोटांना चिकटपट्ट्या, आणि लहानपणी आईच्या हातचे फटके.

धाग्याचं निमित्त मात्र वेगळं आहे. मुलगी सात वर्षांची आहे आणि तिचाही हात तोंडात जायला लागलाय. तिला ओरडायला मला तोंड नाही, ते नखात गुंतलेलं असतं. मोठेपणी ही सवय खरंच सुटलेलं कोणी आहे का इथे? कशाने सुटली? आणि लेकीचं काय करू?

पावशेर

मी पयला!

नखं खाल्ल्याने घरात दारिद्र्य येतं असं आजी सांगायची. मी खातो, आणि पगार बघता आजीचं बरोबर होतं. शेवटच्या पाच ओव्हर आणि माझी दहा बोटं, एवढंच माझं क्रिकेट. बाकी हे कॅल्शियम कमी असल्याने होतं ना? शरीर मागतं म्हणून आपण खातो. दुधाचा ग्लास चालू करा.

कोकणी_काकू

काळा बोळ उगाळून लावायचा बोटांना. आमच्याकडे पोराचं अंगावरचं दूध तोडताना हाच लावायचे. कडूजहर असतो, धुतला तरी जात नाही. माझ्या धाकट्याचं बोट चोखणं याच्यावरच सुटलं. कडुनिंबाचं तेल, कारल्याचा रस वगैरे त्याच्यापुढे सरबत. तुझ्या त्या विकतच्या पॉलिशपेक्षा स्वस्त, आणि लेकीलाही चालेल.

रातराणी

काकू, धन्यवाद. अडचण अशी की कडू चव जिभेला लागते तोवर नख तुटलेलं असतं. पहिले काही दिवस दचकायला होतं, मग मी ते कडू चाटून संपवते आणि पुढे चालू. हे लिहितानाच कसंतरी वाटतंय.

@पावशेर, कॅल्शियमचं मलाही सांगितलं होतं. गोळ्या खाल्ल्या, नखंही खाल्ली.

बोरूबहाद्दर

धागाकर्तीचं निरीक्षण मोलाचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. चहा घेऊन बसा.

टेन्शनबद्दलची शंका एकट्या तुमची नाही. मॉन्ट्रियलमधल्या संशोधकांचा एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. ४८ माणसं घेतली. निम्म्यांना नखं खाणं, कातडी कोरणं, केस उपटणं यांपैकी काहीतरी होतं, निम्म्यांना नव्हतं. सगळ्यांना मुद्दाम वेगवेगळ्या अवस्थांत ठेवलं: ताण, निवांतपणा, वैताग आणि कंटाळा. सवयवाल्यांना हात चालवायची ओढ सर्वांत जास्त लागली ती कंटाळ्यात आणि वैतागात. संशोधकांचं म्हणणं असं की ही माणसं एका विशिष्ट अर्थाने काटेकोर असतात. काम सैल सोडता येत नाही, रिकामं बसवत नाही, अपेक्षेप्रमाणे गोष्ट झाली नाही की चडफड होते. तुमच्या ताळेबंदातला तो एक रुपया इथे बरोबर बसतो. अर्थात ४८ माणसं म्हणजे फार नाहीत, आणि काहींना ताणातही होतंच, पावशेररावांच्या शेवटच्या पाच ओव्हर आहेतच की. पण "घाबरट आहे म्हणून खातो" हे सरसकट खरं नाही, एवढं नक्की.

आता उपायाकडे. अमेरिकेतल्या नेथन अझ्रिन आणि ग्रेगरी नन या दोघांनी १९७३ मध्ये अशा सवयींसाठी एक पद्धत मांडली. तिला हॅबिट रिव्हर्सल म्हणतात आणि आजही मानसोपचारात याच पद्धतीचा पाया धरतात. तिचे दोन पाय महत्त्वाचे. एक म्हणजे हात केव्हा निघतो ते पकडणं. तोंडाशी पोचल्यावर पकडून उपयोग नाही. त्याआधी काय होतं ते पाहायचं: अंगठा शेजारच्या बोटाचं नख चाचपतो का, हनुवटीला हात टेकतो का? दुसरा पाय म्हणजे त्या क्षणी नखं खाताच येणार नाहीत अशी दुसरी हालचाल. मूठ वळून एक ते तीन मिनिटं तशीच ठेवायची, किंवा हातात काहीतरी घट्ट धरायचं. चारचौघांत कोणाला कळत नाही, हा मोठा फायदा.

कडू लेपाचं काम चालतं तेही यातल्या पहिल्या पायावर. चव ही शिक्षा म्हणून फारशी टिकत नाही, "अगं, हात तोंडात गेलाय" अशी आठवण म्हणून चालते. आणि आठवण झाल्यावर दुसरं काही करायला नसेल तर माणूस कडू चाटून मोकळा होतो.

अवांतर: विकतच्या बहुतेक लेपांत डेनाटोनियम बेंझोएट असतं. जगातल्या सर्वांत कडू पदार्थांत त्याची गणना होते. १९५८ साली एडिंबराच्या एका कंपनीत ते योगायोगाने हाती लागलं, शोध चालला होता भूल देणाऱ्या औषधाचा. पिऊ नये म्हणून स्पिरिटातही हेच घालतात. काकूंचा बोळ त्याच्यासमोर टिकेल का, यावर मी पैज लावणार नाही.

डोंगरवाट

चर्चा वाचून गंमत वाटली. नखं खायची नसतील तर खाऊ नयेत. आमच्या वेळी मास्तर पट्टी मारायचे, सवय तिथल्या तिथे सुटायची. आता प्रत्येक गोष्टीला थेरपी. इच्छाशक्ती नावाची चीज असते.

रातराणी

@डोंगरवाट, इच्छाशक्तीवर मी सीए झाले, नोकरी करत. ती नखांपाशी येऊन कमी पडते असं म्हणायचंय का? मला कळतच नाही हो, हात कधी गेला ते. कळलं तर इच्छा करेन ना.

पावशेर

@डोंगरवाट, तुमची सुटली का पट्टीने? की तुम्हाला नव्हतीच?

डोंगरवाट

मला नव्हती. वर्गमित्राला होती. त्याची सुटली होती की नाही ते आता विचारायला हवं.

सालपापुद्रा

त्वचारोगाची डॉक्टर आहे. ओपीडीत नखांची तक्रार घेऊन लोक येतात तेव्हा निम्म्या वेळा ती दुसऱ्याच नावाने येते, "नखं वाढतच नाहीत", "बुरशी झालीये बहुतेक". म्हणून डॉक्टर म्हणून काही सांगते.

कॅल्शियमचा संबंध नाही. लोकांची गल्लत होते ती माती, खडू, कच्चे तांदूळ खाण्याशी. तिथे रक्तातलं लोह कमी असण्याचा संबंध असू शकतो आणि तपासणी जरूर करावी. नखांवरचे पांढरे ठिपकेसुद्धा कॅल्शियमचे नसतात, बहुतेक वेळा नखाच्या मुळाला बसलेल्या बारीक माराचे असतात. कुरतडणाऱ्यांच्या बोटांवर ते जास्त दिसतात ते यामुळेच.

सगळ्यात जास्त बघते ते नखुरडं. कडेचं सालटं दातांनी ओढलं की कातडी फाटते, तोंडातले जंतू आत जातात, बोट लाल होऊन ठणकतं, पू धरतो. घरी सुई घालून फोडू नका, प्लीज. ठणका वाढला, लाली बोटावर वर सरकली, ताप आला किंवा मधुमेह असेल तर त्याच दिवशी दाखवा. दुसरी गोष्ट चामखिळीची. नखाभोवती एक असली की दातांमुळे बाकीच्या बोटांवर जाते, कधी ओठावरही. आणि ओठावर तापाचे फोड उठलेले असताना नखं खाल्ली तर तेच फोड बोटावर येऊ शकतात, ते भयंकर दुखतात.

नख पुन्हा येतं का, हा प्रश्न सगळे हळू आवाजात विचारतात. येतं. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, त्यामुळे मुळापासून टोकापर्यंत पूर्ण यायला चार ते सहा महिने धरा. गुलाबी भाग आखूड झालेला असेल तर त्याला आणखी वेळ लागतो. मात्र मुळाशी, चंद्रकोरीच्या भागात वर्षानुवर्षं इजा झाली असेल तर खाच किंवा रेघ कायम राहू शकते. नखावर नव्याने काळी उभी रेघ दिसली तर ती कुरतडण्यामुळेही असते, पण एकदा डॉक्टरांना दाखवून खात्री करून घ्या.

दातांचं दंतवैद्य सांगतीलच. पुढच्या दातांच्या कडा झिजतात, हिरड्यांत नखाचा तुकडा रुततो, जबडा दुखतो.

फळा_खडू

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. आमच्याकडे परिपाठाला नखं तपासतात. ज्या पोरांनी खाऊन साफ केलेली असतात ती तपासणीत पहिल्या नंबराने पास. नखं स्वच्छ, शाबास! हा विनोद आमच्या लक्षात यायला वेळ लागला.

लहान मुलांच्या बाबतीत जंतांचा मुद्दा कोणी काढला नाही. सूतकृमींची मादी रात्री शीच्या जागी अंडी घालते, मूल झोपेत खाजवतं, अंडी नखांत, नखं तोंडात, पुन्हा पोटात. चक्र चालूच. मूल रात्री खाजवत असेल, झोप लागत नसेल तर डॉक्टरांना सांगा, कधीकधी सगळ्या घराला औषध घ्यावं लागतं. १० फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाडीत १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल देतात. ती गोळी "आमच्या मुलाला नको" म्हणून चुकवणारे पालक दरवर्षी भेटतात. चुकवू नका.

आणि वर्गात नाव घेऊन "ए, तोंडातला हात काढ" म्हटलं की मूल दचकून काढतं, सगळे हसतात, आणि पुढच्या मिनिटाला दप्तराआड पुन्हा सुरू. पट्टीने सवय सुटत नाही, लपते. @डोंगरवाट, वर्गमित्राला विचारलंत की कळवा.

कीवीतला_मी

ऑकलंडहून. नखं खाणाऱ्यांच्या बाजूने एक तरी पुरावा मांडतो. इथल्या डनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा आजवर पाठपुरावा चालू आहे. त्यातून २०१६ साली असं निघालं की लहानपणी अंगठा चोखणाऱ्या किंवा नखं खाणाऱ्या मुलांमध्ये त्वचेच्या चाचणीत ॲलर्जी कमी दिसली. दोन्ही सवयी नसलेल्यांत १३व्या वर्षी ४९ टक्के, दोन्ही असलेल्यांत ३१ टक्के. ३२व्या वर्षीही फरक टिकून होता. धूळमाती पोटात गेली की प्रतिकारशक्ती शहाणी होते, असा त्यामागचा तर्क.

सालपापुद्रा

@कीवीतला_मी, अभ्यास खरा आहे, पण पुढची ओळ राहिली. दमा आणि परागकणांच्या ॲलर्जीचा त्रास दोन्ही गटांत सारखाच होता. म्हणजे चाचणीत फरक, शिंकांत नाही. संशोधकांनीही मुलांना नखं खायला लावा असं म्हटलेलं नाही. पावशेर आता हा पुरावा बायकोला दाखवणार, म्हणून आधीच सांगितलं.

पावशेर

दाखवून झाला. तुमची पोस्टही तिने वाचली. 😑

धागेनतिनक

माझी सुटली आहे, म्हणून लिहितो. तबला वाजवतो, पोटापाण्यासाठी नाही, पण नियमित. तबल्यावर नखं वाढवून चालत नाहीतच, त्यामुळे घरच्यांना वाटायचं याची सवय सोयीचीच आहे. पण तर्जनीच्या कडेचं सालटं काढलेलं असेल आणि चाटेवर, म्हणजे तबल्याच्या कडेवर, "ना" वाजवायचा असेल तर डोळ्यांत पाणी येतं. गुरुजी बोट बघून काही बोलायचे नाहीत, फक्त त्या दिवशी कायदा (बोलांची ठरलेली रचना) द्रुत लयीत घ्यायला लावायचे.

मला उपयोग झाला तो असा. हात रिकामा आहे म्हणून तोंडात जातो ना, मग त्याला काम द्यायचं. बसमध्ये, रांगेत, टीव्हीसमोर, हात मांडीवर, आणि बोटांनी आवाज न करता तीनताल. ओठांपर्यंत हात जायला निघाला की सम पकडायची आणि दोन आवर्तनं पूर्ण करायची. तेवढ्यात ती ओढ ओसरते. बोरूबहाद्दर म्हणतात ती मूठ वळायची पद्धत मीही करून पाहिली. माझी मूठ लगेच सुटायची. ठेका सुटत नाही, अर्धवट सोडला की आपल्यालाच चैन पडत नाही. तबला येत नसेल तर जपमाळ, विणकाम, काहीही चालेल, पण हाताला त्यात गोडी हवी.

पूर्ण सुटली का? आजारी पडलो की एखादं बोट जातं. एकच, दहा नाही.

मनमोकळी

समुपदेशक आहे. धागेनतिनक यांनी केलं त्याला जवळ जाणारी गोष्ट हॅम्बर्गच्या संशोधकांनी तपासून पाहिली आहे. बोटांची टोकं एकमेकांवर किंवा तळव्यावर हलकेच चोळायची, इतकी साधी हालचाल. २६८ जणांना घेतलं, मुदत सहा आठवडे, सगळं घरच्या घरी. २०२३ मध्ये निकाल आला: शिकवलेल्यांपैकी ५३ टक्के लोकांना थोडा तरी फरक जाणवला, नुसते वाट बघत थांबलेल्यांत २० टक्क्यांना. आणि फायदा सर्वांत जास्त झाला तो नखं खाणाऱ्यांना. उरलेल्या ४७ टक्क्यांना फरक पडला नाही हेही वाचा, म्हणजे आपल्याला नाही जमलं तर स्वतःला दोष देणार नाही.

इच्छाशक्तीच्या वादावर थोडंसं. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात, ही सवय केस उपटणं, कातडी कोरणं यांच्या शेजारी बसवली आहे. पण नखं खाणारा प्रत्येक जण रुग्ण नव्हे. वारंवार सोडायचा प्रयत्न करूनही जमत नाही आणि त्यापायी त्रास होतो किंवा कामं अडतात, तेव्हाच त्याला विकार म्हणतात. बोटांतून रक्त येईपर्यंत चालत असेल, लाजेने हात लपवून माणसं टाळली जात असतील किंवा सोबत चिंता-उदासी असेल तर भेटायला हवं. सरकारी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनची १४४१६ ही सेवा मराठीतही बोलते आणि फुकट आहे.

एन-ॲसिटिलसिस्टीन नावाच्या गोळ्यांबद्दल नेटवर वाचून लोक विचारतात. केस उपटण्याच्या सवयीत प्रौढांना काही फायदा दिसला होता. नखं खाणाऱ्या मुलांवरच्या चाचणीत महिन्याभरात फरक दिसला आणि दोन महिन्यांनी तो उरला नाही. स्वतःच्या मनाने मुलीला देऊ नका.

रातराणी, लेकीबद्दल. सातव्या वर्षी हे फार मुलांत असतं आणि पुष्कळांचं वाढत्या वयात आपोआप सुटतं. तिच्यापुरतं सध्या एवढंच करा: बोटाबद्दल दिवसातून दहा वेळा बोलू नका. कधी होतं ते तिच्याशी गप्पा मारत शोधा, टीव्हीपुढे होत असेल तर हातात चिकणमाती द्या. नखं आठवड्याला नीट कापा. ती "मला थांबायचंय" म्हणेल तेव्हा एक खूण ठरवा, फक्त तुम्हा दोघींची, आणि ती खूण तिने तुम्हालाही करायची.

कोकणी_काकू

बोळाबद्दल कोणी काही बोलत नाही म्हणजे मान्य आहे असं समजते.

सालपापुद्रा

काकू, फाटलेल्या कातडीवर काहीच उगाळून लावू नका. धड कातडीवर मोठ्या माणसाने लावला तर माझी हरकत नाही. मुलीला नको, हात डोळ्याला जातो.

रातराणी

मंडळी, काही आठवडे गायब होते. वहीत टिपणं केली, वेळ, जागा आणि त्याआधी बोट काय करत होतं एवढंच. व्यवसायच तो, नोंदी ठेवायचा.

आढळलं ते असं. कंटाळा वगैरे आहेच, पण जवळजवळ प्रत्येक वेळी सुरुवात एका टोकापासून होते. नखाला कुठेतरी खडबडीत कड असते, अंगठा फिरत फिरत तिथे अडकतो, आणि मग ती कड सारखी करायला दात लागतात. दात आणखी दोन कडा करून ठेवतात. म्हणजे मी नखं खात नाही, दुरुस्त करायला जाते! बोरूबहाद्दर, तुमचा काटेकोरपणाचा मुद्दा मी हसण्यावारी नेला होता, तो मागे घेते.

म्हणून आता कड दिसली की घासायची, दात लावायचे नाहीत. पर्समध्ये एक फाईल, ऑफिसच्या खणात एक, उशाशी एक. झोपताना कडांना खोबरेल. करंगळ्या आणि अनामिका सध्या बघण्यासारख्या आहेत, अंगठ्यांची गोष्ट काढू नका. लेकीला खूण ठरवायला सांगितलं तर तिने नाक ओढायची ठरवली. काल पाहुण्यांसमोर तिने माझ्यापुढे नाक ओढलं, आणि सासूबाई विचारत होत्या की हिला सर्दी झाली का.

पावशेर

फाईल म्हणजे ती नेलकटरच्या आतली पत्र्याची? ती वापरली की माझ्या नखाला आणखी कडा येतात.

सालपापुद्रा

ती नको. काचेची घ्या किंवा बारीक दाण्याची कागदी. आणि करवतीसारखी पुढेमागे नाही चालवायची, बाहेरून मध्याकडे एकाच दिशेने. नख ओलं असताना घासू नका, पदर सुटतात. काचेची धुऊन ठेवता येते, कागदी घरात प्रत्येकाची वेगळी.

कोकणी_काकू

कुठे मिळते ही काचेची? आमच्या बाजारात मेडिकलवाला म्हणाला, असलं काही नसतं.

रातराणी

काकू, बांगड्या-टिकल्यांच्या दुकानात विचारा, मला तिथेच मिळाली. नाहीतर ऑनलाइन. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी दोन पाठवते. एक पायांच्या नखांना वेगळी ठेवा.